हललेल्या फोटोतली आक्का

आक्का,

तुला वाचता येत नव्हतं, म्हणून इतक्या वर्षांत मी तुला एकही पत्र लिहिलं नाही. वडनेरला, तुझ्या सासरी, पत्र टाकायचं ते भाऊजींच्या नावानं, आणि ते ओसरीवर बसून मोठ्यानं वाचणार, शेजारचे चार जण ऐकणार. मग त्यात आपलं बोलणं कसं यायचं? पीकपाणी, पोरांची दुखणी, आणि शेवटी ‘आक्काला नमस्कार’. तुझी तेरावी करून मी आठ दिवसांपूर्वी बुलढाण्याला परत आले. हे कोर्टात गेलेत, पोरं शाळेत. चुलीवर वरण शिजतं आहे आणि मी पाटावर बसून लिहिते आहे. तू समोर गहू निवडत बसली आहेस असं समजून.

तुझा फोटो शोधला गेला तिथून सांगते, कारण आपल्या दोघींचं सगळं त्या फोटोवरूनच झालं.

तेरावीला निघताना हे म्हणाले, “तुझ्या बहिणीचा फोटो असेल तर बरोबर घे. हार घालायला लागेल.” मी ट्रंक उघडली. फोटो होता. तुझा जगातला एकुलता एक फोटो, आणि त्यात तुला तोंड नाही. साडीची किनार दिसते, मांडीवर ठेवलेले हात दिसतात, मनगटातल्या बांगड्या मोजता येतील इतक्या स्पष्ट. मान मात्र हललेली. चेहऱ्याच्या जागी धुरकट असं काहीतरी. तुझ्या शेजारी मी, डोळे वटारून, गाल फुगवून, अगदी ठळक.

ते दिवस आठवतात ना? आपण देऊळघाटला होतो, तू सोळा-सतराची, मी तुझ्याहून दोन वर्षांनी लहान. मामानं तुझ्यासाठी बुलढाण्याचं स्थळ आणलं होतं. मुलगा कोर्टात कारकून, शिकलेला. त्यांच्याकडून निरोप आला, आधी मुलीचा फोटो पाठवा, पसंत पडला तर पाहायला येऊ. बाबा भडकले. “बैल घेते मानूस तं बाजारात समोर उभा करून घेते. हे कागदावर पाह्यणार काय?” पण स्थळ चांगलं होतं, आणि मायनं त्यांना शांत केलं. तू हट्ट धरलास की एकटी त्या फोटोवाल्यासमोर बसणार नाही, यमी पाहिजे. म्हणून मला घेतलं. नाहीतर मला कोण बुलढाणा दाखवणार होतं?

बैलगाडीत मायनं दिलेली भाकर आणि ठेचा मी घाईघाईनं खाल्ला आणि मला उचकी लागली. सगळा रस्ता उचकी. तू पाणी पाजलंस, पाठीत धपाटे घातलेस, ‘तुले कोन आठवून राह्यलं बे?’ म्हणून गावातल्या सगळ्या म्हाताऱ्यांची नावं घेतलीस. उचकी थांबेना.

फोटोवाल्या करीममियाँचं दुकान बाजाराच्या मागं होतं. भिंतीला पडदा, त्यावर संगमरवरी जिना आणि तळ्यात दोन हंस. त्यांनी आपल्याला लाकडी बाकावर बसवलं, काळ्या कापडात डोकं घातलं, परत बाहेर काढलं, तुझा पदर सारखा करायला मायला सांगितलं. मग म्हणाले, “बेटी, साँस रोको. हिलना मत. मी सांगेन तेव्हा सोडा.”

मी श्वास कोंडला. उचकी आली तर फोटो बिघडेल, तुझं लग्न मोडेल, बाबा मला गाडीतून उतरवून देतील, असं काय काय माझ्या डोक्यात आलं. मी नाक-तोंड गच्च बंद करून बसले. डोकं गरगरायला लागलं. आणि मला पक्कं आठवतं, आक्का, तेव्हाच माझ्या कानाशी तुझा आवाज आला, अगदी हळू, “श्वास घे, यमे.”

तू माझ्याकडे वळून पाहिलंस. म्हणून तुझी मान हलली.

तुझं म्हणणं वेगळं. तू मरेपर्यंत म्हणत राहिलीस, “मी मुद्दाम हलली. मले तो कोर्टातला नवरा नको होता म्हणून.”

फोटो हातात आला तेव्हा मामा बैठकीला जायच्या घाईत होता. मायनं पाहिला आणि म्हणाली, “अवं, हे तं पुसूनच गेली.” मामा म्हणाला, “नाकीडोळी नीट हाय म्हणून मी सांगतो ना त्याईले. उजव्या हाताची थोरली.” आणि पाकीट पिशवीत टाकून गेला. पुढच्या बाजारी तो परतला तेव्हा त्याचं तोंड उतरलेलं होतं. त्यांच्या घरातल्या कुणा आत्याबाईंनी फोटो पाहून म्हटलं होतं, हिला फोटोपुरतंही एका जागी बसवत नाही, ही संसारात काय स्थिर राहणार? त्यापेक्षा ती डावीकडची द्या. तिचे डोळे मोठे आहेत.

माझे डोळे मोठे होते कारण माझा जीव गुदमरत होता. हे मी लग्नानंतर ह्यांना सांगितलं तेव्हा ते इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला.

पण त्या संध्याकाळी कुणी हसलं नाही. तू चुलीपुढे भाकरी थापत होतीस. बाबा ताटावर बसले होते, जेवत नव्हते. “लहानीचं आधी केलं तं मोठी घरात बसंन. लोक इचारतीन, थोरलीत काय खोट हाय म्हणून. मी नाही म्हणून कळवतो.”

मामा खांबाला टेकून जमिनीकडे पाहत होता.

तू भाकरी उलटलीस. वर न पाहता विचारलंस, “बाबा, पोरगं वाईट हाय काय?”

“वाईट काऊन राहीन? चांगलं हाय.”

“घरचे लोक?”

“ती आत्या सोडली तं सारे चांगले.”

“मंग यमीचं करून टाका.”

“अन् तू?”

“मी कुठं जाऊन राह्यली? मी हावो ना इथंच.” आणि तू त्यांच्या ताटात भाकरी वाढलीस. “जेवा. थंडी होऊन राह्यली.”

मला कुणी विचारलं नाही, आणि तेव्हा ते कुणाला वावगंही वाटलं नाही. मी कोठीच्या दारात उभी राहून रडत होते. तुझ्यासाठी रडत होते की तुला सोडून जायचं म्हणून, ते मला आजही सांगता येणार नाही. तू आत आलीस, पिठाच्या हातानं माझं तोंड पुसलंस, आणि माझ्या गालाला पीठ लागलं म्हणून तूच हसायला लागलीस.

माझ्या लग्नात माझी वेणी तू घातलीस. मांडवात एक बाई तुझ्याकडे पाहून दुसरीच्या कानात बोलली, तुला ऐकू जाईल इतपत. तू पुरणपोळीचं ताट घेऊन तिच्याकडेच गेलीस आणि आग्रह करकरून तिला इतक्या पोळ्या वाढल्यास की तिला उठता येईना. हे मला मायनं नंतर सांगितलं.

त्यानंतरची वर्षं तुला कशी गेली, आक्का? हे मी कधी विचारलं नाही. येणारं प्रत्येक स्थळ तिथंच अडायचं. धाकटीचं आधी का केलं? बाबा खचत गेले. मी माहेरी यायचे, नवी साडी नेसायला मला लाज वाटायची. तूच ट्रंकेतून काढून ती माझ्या अंगावर टाकायचीस. “नेस ना. मले पाहू दे कशी दिसते.”

मग वडनेरहून भाऊजी आले. बिजवर. बायको जाऊन वर्ष झालेलं, घरी म्हातारं माणूस नाही, म्हणून पोरीला बरोबर घेऊनच मुलगी पाहायला आलेला माणूस. कौशी तेव्हा चारेक वर्षांची असेल. मी नेमकी त्या वेळी माहेरी होते, म्हणून हे मी डोळ्यांनी पाहिलं. माय चहापाण्याचं करत होती, बाबा आणि भाऊजी जमिनीचं बोलत होते, आणि ती पोर ओसरीभर हिंडून हिंडून तुझ्याजवळ आली आणि तुझ्या मांडीवर डोकं टाकून झोपली. मुलगी पाहायचा कार्यक्रम तसाच राहिला. तुला उठताच येईना.

पाहुणे बैलांना पाणी दाखवायला गेले तेव्हा बाबा आत आले. “सुभद्रे, तुह्यावर जोर नाही. बिजवर हाय, पदरी पोर हाय. नाही म्हण, मी सांगतो त्याईले.”

तू कौशीच्या केसांत बोटं घालून पाहत होतीस. म्हणालीस, “बाबा, हिच्या डोक्यात उवा हायत. कोनीतरी पाह्यलं पाह्यजे.”

बाबा बाहेर गेले आणि भाऊजींना होकार दिला.

तुला स्वतःचं मूल झालं नाही. लोक विचारायचे, वडनेरचे विचारायचे, आपल्याकडचेही विचारायचे. तू म्हणायचीस, “कौशी हाय ना.” एकदा तर ह्यांच्या आत्याबाईंनीच विचारलं, माझ्या घरात, माझ्यासमोर. मला राग अनावर झाला होता. तू शांतपणे म्हणालीस, “आत्याबाई, मले एका जागी बसता येत नाही. पोटात पोर तरी कसं बसंन?” त्या दिवसापासून त्या तुझ्याशी जपून बोलायला लागल्या.

तू यायचीस उन्हाळ्यात. मलकापूरहून सर्व्हिस मोटारीनं, घाटात जीव मुठीत धरून, पदरानं तोंड बांधून. खाली उतरलीस की आधी म्हणायचीस, “तुमच्या बुलढाण्याचा वारा बरा हाय, पण मानूस उडून जाईन.” पिशवीत तुरीची डाळ, कुरडया, भाऊजींच्या शेतातला कापूस माझ्या गाद्यांसाठी. आणि आल्याबरोबर माझ्या बोलण्यावर तुझी नजर. ह्यांनी मला लग्नानंतर शिकवलं होतं की बाईमाणसानं ‘मी जातो’ म्हणू नये, ‘मी जाते’ म्हणावं. ‘मले’ नाही, ‘मला’. मी शिकले, जिभेला वळण पडलं. तू डोळे बारीक करून ऐकायचीस. “मी जातो म्हणलं तं काय मिशा फुटतात काय वं?” हे पलीकडच्या खोलीत वर्तमानपत्र वाचत असायचे. वर्तमानपत्राआडून हसण्याचा आवाज यायचा. मग तू मुद्दाम मोठ्यानं, “काऊन हो, फोटोवाले पाव्हणे? बरोबर हाय ना?”

‘फोटोवाले पाव्हणे’ हे नाव तूच त्यांना पाडलंस. ज्या माणसाशी तुझं लग्न ठरत होतं त्याला तू असं चारचौघांत चिडवायचीस, आणि कुणाला त्यात काही वाटायचं नाही. मला मात्र वाटायचं. म्हणून मी तो विषय काढायचे. शेवया वळताना, पापड लाटताना, दर उन्हाळ्यात एकदा तरी.

“आक्का, खरं सांग. तू माझ्याकडे वळून पाहिलंस ना?”

“नाही. मी मुद्दाम हलली.”

“तू ‘श्वास घे’ म्हणालीस. मी ऐकलं.”

“तू लहान होती. तुले काय याद?”

“मग मुद्दाम का हललीस?”

“दिवसभर कागदं लिहिनारा नवरा मले काय कामाचा? मले वावर पाह्यजे होतं. भेटलं.”

यावर तुझं माझं कधी जमलं नाही. मी म्हणायचे तू खोटं बोलतेस, तू म्हणायचीस मीच काहीतरी मनाचं धरून बसले. एकदा मी रागावून लाटणं टाकून उठले होते, आठवतं? तू माझ्या वाटणीचेही पापड लाटून ठेवलेस आणि संध्याकाळी बोललीस जणू काही झालंच नाही.

आणि म्हणूनच, आक्का, मी तुझ्यासमोर ह्यांच्याबद्दल कधी चांगलं बोलले नाही. तू आलीस की माझं तक्रारीचं दुकान उघडायचं. ह्यांचं घरात लक्ष नाही. ह्यांना भाजी आणायला सांगितली तर कोथिंबीर विसरतात. सणासुदीला माहेरी पाठवत नाहीत. खरं तर ते पाठवायचे, मीच जायचे नाही. त्यांनी मला चौथीच्या पुढचं सगळं वाचायला शिकवलं, आजारपणात माझे पाय चेपले, आत्याबाईंशी माझ्यासाठी दोनदा भांडले. यातलं एकही मी तुला सांगितलं नाही. मला वाटायचं, तुझ्या वाट्याचं ताट माझ्यापुढं आलं आहे, आणि ते गोड आहे असं तुझ्याच तोंडावर कसं म्हणू?

तू आजारी असल्याचं कळलं तेव्हा मी लगेच निघाले. मुदतीचा ताप होता, उतरेना. कौशी सासरहून आली होती, पाच महिन्यांची पोटुशी. तू ओळखलंस मला. बोलताना दम लागत होता, पण पहिलं काय म्हणालीस? “वेणी काऊन अशी सैल घातली?” मी म्हटलं, मोटारीत सुटली. तू म्हणालीस, पाठ कर इकडं. मी खाटेच्या कडेला बसले. तू पेड घातलेस, एक, दोन, तीन, आणि मग तुझे हात खाली पडले. कौशीनं पुढं होऊन राहिलेली वेणी घातली. मला तेव्हा विचारायचं होतं आणि सांगायचंही होतं. दोन्ही राहिलं. तुला झोप लागली. दुसऱ्या दिवशी ताप जरा कमी वाटला, तूच म्हणालीस पोरांकडे जा, म्हणून मी परतले. नंतर निरोपच आला.

तेरावीला मी तो फोटो पिशवीतून काढला. काढावा की नाही, असं झालं होतं. कौशीनं हातात घेतला. तिनं तो आधी कधी पाहिलाच नव्हता. उजेडात धरून ती बघत राहिली.

“हे आई?”

“हो. हलली होती. तोंड आलंच नाही.”

“मावशे, आई असंच करे,” ती म्हणाली. “स्वयंपाक करता करता कोनी शिंकलं तरी वळून पाहे. समोर पाह्यताना तिले म्या कवा पाह्यलंच नाही.” आणि तिनं त्या फोटोला हार घातला.

वाद मिटला असं मी म्हणत नाही. तू असतीस तर म्हणाली असतीस, पोरगी मावशीच्या बाजूनं बोलून राह्यली.

जेवणं झाली, पाहुणे पांगले. दोन-चार बायका, कौशी आणि मी ओसरीत बसलो होतो. भाऊजी जोत्यावर सुपारी कातरत होते. माझ्याशी फारसं न बोलणारा माणूस. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, “आक्का उन्हाळ्यात यायची, तेवढंच मला माहेर होतं.”

ते म्हणाले, “तिलेही बरं वाटे. तुमच्याकडून आली की चार रोज खुशीत राहे.” आणि पुढं म्हणाले, “एक गोष्ट सांगू काय, यमुनाबाई? राग नका मानू.”

“सांगा ना.”

“दर खेपेले येऊन मले म्हणे, यमी लबाड हाय. नवऱ्याच्या तक्रारी सांगते अन् सांगता सांगता तिचं तोंड फुलते. कोथिंबीर इसरला म्हणते, अन् नव्या नवरीवानी साडी सावरते. म्हणे, मस्त चालू हाय तिचं. मले इचारे, तिले कसं सांगू की मले कळते म्हणून? सांगितलं तं बिचारीच्या तक्रारी बंद होतीन, अन् मले तं त्याच ऐकायच्या राह्यतात.”

मी हसले, आक्का. तुझ्या ओसरीत, तेरावीच्या दिवशी, तोंडाला पदर न लावता हसले. बायका माझ्याकडे पाहायला लागल्या. कौशीही हसली, पोट धरून. भाऊजींनी सुपारी कातरणं थांबवलं आणि त्यांच्या ओठाची कड हलली. मग मला रडू आलं. तू गेल्यापासून आलं नव्हतं तसं, पोटभर.

सगळी वर्षं तुला माहीत होतं. आणि मी इकडं कोथिंबिरीच्या जुड्यांमागं लपत होते.

जरा वेळानं भाऊजी कौशीकडे पाहून म्हणाले, “आता हिचं पह्यलं बाळंतपन कसं करावं? घरात बाईमानूस नाही. सासरीच ठेवा म्हणून सांगतो.” कौशी खाली पाहून पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

मी म्हटलं, “माझ्याकडे होईल.”

“पाव्हण्याईले इचारा आधी.”

“विचारायचं काही नाही.”

बोलून गेले खरी, पण मोटारीत घाट चढताना मनात धाकधूक होती. आमच्या दोन खोल्या, त्यातली आतली ह्यांच्या टेबलाची आणि पुस्तकांची. घरी पोचले, पाय धुतले आणि ह्यांना सांगितलं. त्यांनी चष्मा काढून ठेवला, ते उठले, आणि स्वतः टेबल ओढत ओसरीवर नेलं. मग पुस्तकं नेली. मी मदतीला गेले तर म्हणाले, “तू बस. दमून आलीस.” खोलीच्या मधोमध उभे राहून त्यांनी खिडकी लावून पाहिली आणि म्हणाले, “इथून वारा लागेल बाळंतिणीला. सुताराला सांगतो.”

आक्का, माझा नवरा फार चांगला माणूस आहे. मी सुखात आहे. हे तुला माझ्या तोंडानं एकदा सांगायचं होतं.

खोली मी काल सारवली. सुतार येऊन खिडकीची फट बुजवून गेला. परवा दुपारच्या मोटारीनं भाऊजी कौशीला घेऊन येतील. घाटात तिला मळमळेल, म्हणून उतरल्या उतरल्या हातात द्यायला लिंबं आणून ठेवली आहेत. स्टँडवर मी स्वतः जाणार आहे.